अजून निरोप नाही

तुकिनाला तिच्या नावावरून चिडवायची ऑफिसात कुणाची टाप नव्हती. तसं नाव अगदीच खेडवळ, बाजारात जमिनीवर भाजी मांडून बसणाऱ्या बाईचं असावं तसं. आणि आजूबाजूला सगळ्या अनिंदिता, कारिस्मा, लाराशाती. पण जोग्जा शहरातल्या त्या पार्सल कंपनीत सगळ्यात कडक प्रोग्रामर कोण, तर हीच. नव्या लोकांच्या कामातली चूक ती अशी चिमटीत धरून बाहेर काढायची की तिच्या टेबलाशी जायच्या आधी मंडळी घोटभर पाणी पिऊन घ्यायची.

तिची सगळ्यात जास्त चीड एकाच गोष्टीवर. ज्या भाषेत ही लोकं प्रोग्राम लिहितात, तिच्यात मॅप म्हणून एक सोय असते. किल्ली द्यायची आणि त्या किल्लीवर ठेवलेली चीज घ्यायची. पार्सलचा नंबर द्या, पत्ता घ्या. सोपं. पण या भाषेचा स्वभाव मुलखाचा गोड. नसलेली किल्ली दिली तर ती ‘नाही’ म्हणून सांगत नाही, आरडाओरडा करत नाही. मुकाट्यानं रिकामं काहीतरी हातावर ठेवते. आता हे रिकामं म्हणजे तिथं ठेवलेलंच रिकामं होतं, की तिथं काही नव्हतंच? हे कळायचा मार्ग एकच, चिजेबरोबर दुसरं उत्तरही मागून घ्यायचं: ही किल्ली आहे की नाही? मागितलं तर मिळतं, पण घाईगर्दीत कोण मागतंय!

“मबाक तुकिना, हे पार्सल रिकामं दाखवतंय,” कॉलेजातून नुकतीच आलेली लाराशाती एकदा म्हणाली. मबाक म्हणजे ताई.

“पत्ता रिकामा आहे, की पार्सलच नाही?”

“अं... रिकामं आहे.”

“विचारलंस?”

“कुणाला?”

“मॅपला गं बाई, मला काय विचारतेस! दुसरं उत्तर घेतलंस का, आहे की नाही त्याचं?”

“नाही घेतलं.”

“मग रिकामं आहे म्हणून कुठल्या तोंडानं सांगतेस? उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारेल, माझी पेटी कुठंय, तर सांगशील त्याला, आहे हो आहे, जरा रिकामी आहे!”

सगळे खो खो हसले, लाराशातीसुद्धा. तुकिना हसली नाही. कुणाच्या तरी हे लक्षात आलं होतं की तुकिना कसलाही प्रोग्राम लिहो, तो तपासून पाहायला पहिली किल्ली ती ठरलेलीच देते: पोनिजान. कोण हा पोनिजान, असं विचारलं की म्हणायची, “गावाकडचं नाव आहे एक.” आणि चहा प्यायला उठायची.

पोनिजान तिचा थोरला भाऊ.

त्यांचं गाव केदुंगवारु. आता ते पाहायचं तर बुडी मारावी लागेल, इतकं खोल पाणी आहे त्याच्यावर. पण धरणाच्या आधीची गोष्ट. तेव्हा समुद्रापलीकडं सुलावेसी बेटावर जमीन मिळते म्हणून माणसं बोटी भरभरून चालली होती. तुकिनाच्या थोरल्या काकाला मूलबाळ नव्हतं. तो वडिलांना म्हणाला, “तुझा पोनिजान दे माझ्याबरोबर. तिकडं जमीन आहे, पण हात नाहीत. माझं बस्तान बसलं की तुम्हीही या मागाहून.” वडील हो म्हणाले. थोरल्या भावाला नाही कसं म्हणायचं? आईला कुणी विचारलं नाही.

धाकटी बहीण, म्हणजे हीच, दिवसभर ‘कांग’, म्हणजे दादा, करत पोनिजानच्या कडेवर असायची. चालता येत असूनही खाली उतरायची नाही. जायच्या दिवशी सकाळी तिनं काय केलं, तर त्याची एक चप्पल भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवली. तिचा हिशेब सरळ होता, एका चपलेवर कुणी बोटीत बसत नाही. सगळ्यांनी घर उलथंपालथं केलं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजत होता. शेवटी पोनिजान एका पायात चप्पल घालून ट्रकमध्ये चढला आणि हसत हसत गेला. तिला वाटलं होतं तो रडेल आणि राहील.

त्याच आठवड्यात ती तापानं फणफणली. अन्न तोंडात धरायची आणि गिळायची नाही. औषधं झाली, अंगारे झाले, मग म्हातारी माणसं म्हणाली, पोरीला नाव जड झालंय. तिचं तेव्हाचं नाव होतं रेत्नो दुमिला. वडिलांनी मोठ्या हौसेनं कुठल्याशा कथेतल्या राजकन्येचं उचललेलं. एवढं भारदस्त नाव एवढ्याशा जिवानं कसं पेलायचं? मग रीतीप्रमाणं तिला उंबऱ्यावरून शेजारणीला विकली आणि परत विकत घेतली. तांबडीपांढरी खीर शिजवली, गावाला वाटली, आणि पोरीचं नाव पडलं तुकिना, म्हणजे विकत घेतलेली. दगडू-धोंडू ठेवतात, त्यातलाच प्रकार. ताप उतरला. खिरीनं उतरला की रडून रडून पोर थकली म्हणून उतरला, ते देव जाणे. भाऊ गेला म्हणून ती झुरली, हे आईला काय कळत नव्हतं? पण ते उघड बोलायचं तर नवऱ्याला आणि दिराला बोल लागतो. त्यापेक्षा नावावर खापर फोडलेलं बरं.

आईनं मात्र त्या दिवसापासून घरात एक नियम केला. जुनं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. काढलं तर ताप हाक ऐकून परत येईल. कुणी काढलं नाही. वडील गेले, ते नाव तोंडात न घेताच गेले. खुद्द तुकिना मोठी झाली, शिकली, दिवसभर कीबोर्ड बडवू लागली, पण ती अक्षरं तिनं कधी टाईप केली नाहीत.

पोनिजानची पत्रं येत होती तोवर येत होती. मग काकानं ती वसाहत सोडली आणि आणखी कुठं आत जाऊन जंगल तोडलं, एवढं कळलं. मग धरण झालं. केदुंगवारुचं कुणी इकडं फेकलं गेलं, कुणी तिकडं, आणि त्या पत्त्यावरची पत्रं पोस्टमन तरी कुठं टाकणार? सगळं तिथंच तुटलं.

आई आणि तुकिना जोग्जाला आल्या. गावात असताना आईला सगळे ‘पोनिजानची आई’ म्हणायचे, पहिल्या पोराच्या नावानं, जशी रीत आहे. गाव बुडालं, पोरगा परागंदा झाला, तरी ही बाई जोग्जात नव्या शेजारणींना हेच सांगायची, मी पोनिजानची आई. तिचं खरं नाव सादिकेम. ते सरकारी कार्डावर होतं, एरवी कुणाच्या ओठावर नाही. लेबारानला, रोजे संपल्याच्या सकाळी, आई नवी साडी नेसावी तसा नवा कापडी घोळ गुंडाळून खुर्चीत बसायची. मुलांनी गुडघे टेकून तिच्या पायांशी क्षमा मागायची, थोरल्यानं आधी, धाकट्यांनी नंतर. तुकिना पुढं सरकली की आई हात वर करायची. “थांब न्दुक, थांब पोरी. आधी थोरला.” मग दोघी गप्प बसून राहायच्या. दारातून रस्त्यावरची माणसं जाताना दिसायची. बऱ्याच वेळानं आई म्हणायची, “बरं, ये आता तू.”

हा सगळा जीव टांगणीला लागलेला संसार पाहून तुकिनानं ठरवलं, आई आहे तोवर भावाला शोधून काढायचं. तेवढ्यात गावकऱ्यांचं मंडळ निघालं. बू वार्सिती, म्हणजे वार्सितीबाई, केदुंगवारुच्याच निवृत्त शिक्षिका, त्यांच्या घराच्या ओसरीत. देशभर विखुरलेल्या गावकऱ्यांनी एकमेकांना शोधावं म्हणून. तुकिनानं फुकटात प्रोग्राम लिहून दिला. आपलं नाव नोंदवायचं, शोधणाऱ्यासाठी निरोप ठेवायचा. ज्याला शोधायचंय त्याचं नाव मोबाईलवरून पाठवायचं, त्यानं ठेवलेला निरोप उलट येतो. बस्स, एक मॅप. नाव ही किल्ली, निरोप ही आतली चीज. पार्सलला नंबर असतो. ताटातूट झालेल्या माणसाचा नंबर कुणाला ठाऊक असणार? नावच ठाऊक असतं.

दुसऱ्यांचे निरोप वाचायचे नाहीत आणि कोण कुणाला शोधतंय ते साठवायचं नाही, असं तिनं पहिल्याच बैठकीत कबूल केलं होतं, आणि पाळलंही. घरोघरची दुःखं ती, त्यात नाक कशाला खुपसायचं? तिनं स्वतःचा निरोप ठेवला, तुकिना या नावावर. आईनंही ठेवला, सादिकेम या नावावर. आईचा निरोप एवढाच: “पोनिजान, जेवायला ये.”

पहिल्या महिन्यात प्रोग्राम चोख होता. नाव नसेल तर स्पष्ट उत्तर जायचं, ‘या नावाचं कुणी इथं नाही.’ एक म्हातारा ते वाचून बू वार्सितींच्या पायरीवर बसला आणि ऊर फुटून रडला. त्याला वाटलं मुलगी मेली.

बू वार्सिती तरातरा आत आल्या. “तुकिना, माणसाला असं तोंडावर नाही म्हणतात होय गं? कुणी शिकवलं तुला?”

“बू, नाव नाहीये, तर नाही असंच सांगणार ना?”

“अजून नाही, असं सांगावं! आपल्यात कुणी कधी नाही म्हणतं का? सत्तर वर्षांच्या कुमारिकेला विचार, लग्न झालं का. काय म्हणेल? अजून नाही!”

“आणि जो माणूस आपल्याकडं नाहीच, तो असल्यासारखा दिसेल, त्याचं काय?”

“दिसू दे की! कुणाच्या पोटात दुखतंय? आशेवर राहील बिचारा. लिही, अजून निरोप नाही, वाट पाहावी. कसं मऊ वाटतं बघ.”

आणि जिनं लाराशातीला सगळ्यांदेखत झापलं असतं, त्या तुकिनानं स्वतःच्या हातानं दुसरं उत्तर काढून टाकलं. मॅप जे रिकामं देईल त्याला एकच वाक्य. नाव असेल पण निरोप नसेल, तरी तेच. नावच नसेल, तरी तेच. कारण तीही इथलीच ना. नाही म्हणताना इथल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते.

स्वतःपुरतं मात्र ती दुसरं उत्तर घेत होती. रोज सकाळी कॉफी गाळायच्या आधी लॅपटॉप उघडून पोनिजान टाकायची आणि पाहायची. नाही. तिला कळत होतं हा वेडेपणा आहे. लग्न झालं की पुरुष जुनं नाव टाकतो आणि पोक्त माणसाचं नवं घेतो. पोनिजान आता पोनिजान उरलाही नसेल. पण काय झाला असेल? सास्त्रो? विर्यो? किती नावं टाकून पाहिली. आतल्या निरोपावरून नाव हुडकायला मॅपमध्ये वाट नाही, आणि एकेक निरोप उघडून वाचायचा तर शब्द मोडावा लागतो.

आतल्या खोलीतून आई विचारायची, “काय म्हणतंय गं तुझं मशीन?”

समोर ‘नाही’ दिसत असायचं. तुकिना आईला म्बोक म्हणायची. सांगायची, “अजून नाही, म्बोक.”

“बरं. वाट पाहू.”

मागच्या रोजांच्या महिन्यात आई गेली. आजार असा काही नाही, म्हातारपण. शेवटच्या सकाळीही तिनं विचारलं आणि तुकिनानं तेच सांगितलं. आई बरं म्हणाली, कुशीवर वळली, आणि दुपारी तुकिना हाक मारायला गेली तर संपलं होतं. त्या लेबारानला तुकिना रिकाम्या खुर्चीसमोर बसली. आधी थोरला, या हिशेबानं तिला गुडघे टेकायचेही सुचेनात. सादिकेम हे नाव तिनं मॅपमधून काढलं नाही. आतला निरोप राहू दिला.

पुढं एका रविवारी सकाळी ती बू वार्सितींच्या ओसरीत काहीतरी दुरुस्त करत बसली होती. बू एका लग्नाला गेल्या होत्या. मंडळाचा फोन वाजला.

“कोलाकाहून हादिसुवितो बोलतोय,” पलीकडून घोगरा आवाज आला. “माझं नाव काढून टाका तुमच्यातनं.”

“का हो पाक?” तुकिनानं अदबीनं विचारलं. “काही चुकलं का आमचं?”

“तुमचं काही नाही. माझी बहीण आहे तुमच्यात. दर लेबारानला तिचं नाव पाठवतो. उत्तर काय, तर अजून निरोप नाही, वाट पाहावी. अहो, किती पाहायची? स्वतःचं नाव नोंदवायला वेळ आहे, भावासाठी दोन शब्द टाकायला नाही? राहू दे. मोठी झाली असेल शहरात. तिला भाऊ नकोय, तर मलाही तिथं ताटकळायचं नाही.”

रागावलेलं गिऱ्हाईक तुकिनाला नवं नव्हतं, पण हा माणूस रागावलेला नव्हता, दुखावलेला होता.

“पाक, निरोप नाही म्हणजे त्या आमच्यात असतीलच असं नाही,” ती म्हणाली. “नावच नसेल कदाचित. मशीन दोन्हीला तेच सांगतं.”

“म्हणजे? नसली तरी म्हणतं वाट पाहा?”

“हो.”

“हा काय मूर्खपणा! कुणी केलंय असलं मशीन?”

“मी.”

तो म्हणाला, “नसेल तर नाही म्हणायला काय झालं होतं, बाई? मी उगीच तिच्यावर रुसून बसलो इतकी वर्षं.”

“चुकलं माझं, पाक. नाव सांगा, आत्ता नीट बघते. दोन्ही उत्तरं घेते.”

“रेत्नो दुमिला. गाव केदुंगवारु.”

तुकिनाचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. कुणाच्याही तोंडून ते नाव तिनं उंबरा ओलांडल्यापासून ऐकलं नव्हतं. मग तिनं ते टाईप केलं, आयुष्यात पहिल्यांदा. निरोप: रिकामा. आहे का: नाही. बरोबरच होतं मशीनचं. रेत्नो दुमिला कुठंच नव्हती.

“सापडली?” त्यानं विचारलं.

“पाक, तुमचं लग्नाआधीचं नाव काय हो?”

“ते कशाला आता? टाकलेलं नाव ते.”

“सांगा ना. तुमच्या पाया पडते.”

“पोनिजान.”

“कांग,” ती म्हणाली. “कांग, तू ट्रकमध्ये चढलास तेव्हा तुझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कणगीत होती. मी पुरली होती.”

तिकडं कोंबडे ओरडत होते.

“कणगीत?” तो म्हणाला. “अगं कारटे, मी कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालून आलो होतो!” आणि तो हसायला लागला, आणि मग ते हसणं नव्हतं. “मग तू यांच्यात का नाहीस? तुझं नाव का नाही?”

“बदललं. तू गेलास आणि मी आजारी पडले, कांग. नाव जड झालं म्हणाले. तुकिना ठेवलं.”

“मी गेलो म्हणून?”

“हो. तू गेलास म्हणून.”

“मी आलो होतो गं एकदा,” तो म्हणाला. “लग्नाच्या आधी. सगळं पाणीच पाणी. काठावर उभा राहिलो आणि परत फिरलो. कुणाला विचारणार? म्बोकला तरी शोधावं म्हटलं, तर म्बोकचं नाव मला कुठं ठाऊक? सगळं गाव माझ्याच नावानं तिला हाका मारायचं. मी माझंच नाव पाठवू का मशीनला?” मग त्याचा आवाज एकदम लहान पोराचा झाला. “ए, म्बोक कुठंय? जवळच आहे ना? दे ना तिला फोन.”

तुकिनाच्या जिभेवर सवयीनं ‘अजून’ आलं. अजून उठली नाही. अजून आली नाही. आयुष्यभर आलेलं ते मऊ, गोड अजून. ते तिनं गिळलं.

“नाही, कांग,” ती म्हणाली. “म्बोक नाही.”

“नाही म्हणजे?”

“गेली ती. मागच्या रोजांच्या महिन्यात.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पुन्हा कोंबडे.

“रोजांच्या महिन्यात,” तो सावकाश म्हणाला. “तेव्हा मी विचारलं होतं गं. त्या वर्षी लेबारानपर्यंत थांबवेना म्हणून आधीच पाठवलं होतं नाव. बोटीच्या तिकिटाचंही बघून ठेवलं होतं. उत्तर आलं, अजून निरोप नाही, वाट पाहावी.” त्यानं नाक ओढलं. “मी वाट पाहत होतो, रेत्नो.”

“ओ,” तुकिना म्हणाली. त्या नावाला एवढ्या वर्षांनी तिनं ओ दिली.